जोहराबीले 'अ' काहून लावला?

तुमच्या घरी कोणी इंग्रजीतून पेपर लिहून राह्यलं काय हो? नाही? मग सुखानं जेवता तुम्ही! आमच्या घरी त्या 'अ' आन् 'द'नं पंधरवडा झाला, घास गोड लागू दिला नाही मले...

आमची निशिगंधा पीएचडी करून राह्यली, कळंबच्या गोधड्या शिवणाऱ्या बायांवर. तिच्या मॅडमनं पेपर लाल गोळे करकरून परत धाडला. "विषय छान आहे गं, पण आर्टिकल्स? सोमवारी सकाळी नीट करून पाठव, नाहीतर राहू दे!" मग पोरगी वाचते, मी ऐकते. मी आपली दहावी पास! म्हटलं, मिठासारखं टाक ना, चवीपुरतं. तर म्हणते, "आई, तसं नसते. ओळख नाही त्याले 'अ', एकदा ओळख झाली का 'द'."

बरं. मग पहिलंच वाक्य वाचलं, 'अ वूमन...' म्हणजे कळंबची एक बाई जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवते. म्हटलं, कोण बाई? "आपली जोहराबी ना, आई."

जोहराबी! भिंतीले भिंत लागून घर! निशी तिच्याच गोधडीत वाढली, मागच्या हिवाळ्यात ती गेली तेव्हा तिची सुई माझ्याच गोधडीत टोचलेली होती... आन् ती 'एक बाई'? बिनओळखीची?

तुम्हाले सांगते, तेव्हापासून ती येऊन राह्यली. दिसत नाही, नुसती ऐकू येते. भरदुपारी भाकर थापते मी, तर चुलीमागून, "बेबी, मैं 'अ वूमन' कबसे हो गई गे?" चहा मांडला का, जिवंतपणी म्हणे तसंच, "शक्कर महंगी हुई क्या?" आन् लगेच, "मैं 'अ वूमन' कबसे..." चमचाभर जास्त टाकते, तरी हटत नाही! आमचे हे म्हणतात, "डाक्टरले दाखव." डाक्टर साखर बंद करतीन, मग तर ती मले बसूच देणार नाही!

निशी म्हणे, बरं, 'द वूमन' करते. केलं. तर तुळशीपाशी पुन्हा, "कौनसी वूमन गे?"

शेवटी रविवारी तिच्या पोराले, जहीरले, भिंतीवरून आवाज दिला. टायरचं पंक्चर तसंच टाकून आला. म्हटलं, बाबू, तुझ्या अम्मीचं नाव पेपरात टाकलं तर चालते काय? त्यानं हात पुसले, पुसतच राह्यला... "मावशी, अम्मीचं नाव आजपर्यंत कुठीच छापलं नाही. टाका ना."

निशीनं टाकलं. म्हटलं, आता नावाअगोदर काय, 'अ' का 'द'? म्हणे, "नावाले काहीच लागत नाही, आई." मग इतके दिवस मले कायले भेडसावलं, सांगा!

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर गेला. मी चहात साखर कमी टाकली. कोणीच काही म्हणलं नाही.