फादर लिनस यांची कबर

नाव : प्रणाली देवमन वानखडे, वय : २४ वर्षे, व्यवसाय : नर्स (खासगी दवाखाना), राहणार : राजापेठ, अमरावती.

मी आज माझी आई माणिकबाई हिच्यासोबत पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून महिला उपनिरीक्षक मॅडमना सांगते की, मी वरील पत्त्यावर आईसोबत राहते. वडील मयत आहेत. आमचे घराणे आजोबांपासून कॅथलिक आहे.

सन २०१३ मध्ये मी आठवीत होते व चांदूर बाजार तालुक्यातील पवित्र मार्ग संघाच्या मुलींच्या वसतिगृहात राहत होते. फादर लिनस हे वसतिगृहाचे प्रमुख होते. ते मुलींकडून गायनाचा सराव करून घेत व सराव संपल्यावर एकीला थांबवून ठेवत. मला थांबवले तेव्हापासून जे जे घडले ते मी मॅडमना आतल्या खोलीत सांगितले असून ते वेगळे लिहून घेतले आहे. ते मला पुन्हा सांगायला लावू नये.

नाताळच्या सुट्टीत मी आईला सांगितले. आई मला घेऊन अमरावतीला संघाचे प्रांतप्रमुख फादर सायप्रियन यांच्याकडे गेली. त्यांनी सर्व ऐकून घेतले. मला काही विचारले नाही. आईला म्हणाले, "पोलिसांत गेलात तर बोभाटा पोरीचाच होईल. मी बघतो." त्यांनी पोलिसांना कळवले नाही. आम्ही घरी आलो.

होळीच्या सुमारास त्यांचा निरोप आला की फादर लिनस वारले. त्यांनी स्वतः आम्हाला वसतिगृहामागच्या दफनभूमीत नेले. ताजी माती होती व क्रूसावर नाव होते. फादर सायप्रियन म्हणाले, "आता त्याचा न्याय वर होईल. मेलेल्या माणसाला क्षमा करा." आईने मला गुडघे टेकायला सांगितले. मी टेकले.

पुढे दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आई मला तेथे नेऊन माझ्या हातून मेणबत्ती लावून घेत असे. क्षमा केली की झोप लागते, असे तिचे म्हणणे होते. पावसाळा नुकताच संपलेला असे व बाजूच्या कबरींची काळी माती खचलेली असे. त्या सर्वांत ही एकच कबर पहिल्या दिवसासारखी उंच होती. एकदा आई म्हणाली, "याची माती काहून बसत नाही वं?" मेणबत्ती लावताना मला पाठीमागे कोणी उभे आहे असे वाटे. वळून पाहिले तर कोणी नसे.

मागील रविवारी अकोल्यात मामेबहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. चर्च याच संघाचे आहे. दुपारी आम्ही मांडवात जेवत होतो. मागच्या खोलीत मुली गात होत्या. गाणे मध्येच थांबले. एका पुरुषाने सूर लावून दाखवला व म्हणाला, "हनुवटी वर. श्वास पोटातून." माझ्या हातून ताटली पडली नाही. मी ती खाली ठेवली. आईचा घास हातातच होता. ती म्हणाली, "हा त मेला होता ना वं?"

मी त्या खोलीकडे गेले. दार लोटलेले होते, ते उघडले. फादर लिनस पेटीसमोर बसले होते. दाढी पांढरी, अंग सुटलेले. त्यांनी मला ओळखले किंवा कसे, हे मी सांगू शकत नाही. ते म्हणाले, "ये, ये. एक आवाज कमीच होता." मी मुलींना म्हटले, "चला वं पोरीहो, बाहेर केक कापून राहिले." शेवटची मुलगी बाहेर पडेपर्यंत मी दार धरून उभी राहिले. नंतर मीही बाहेर आले. रिकाम्या खोलीत ते पेटी वाजवतच होते. तेथील लोकांनी सांगितले की हे फादर मॅथ्यू आहेत व पुष्कळ वर्षांपासून इथेच आहेत.

सोमवारी आम्ही फादर सायप्रियन यांच्याकडे गेलो. मी विचारले, "कबरीत कोण आहे?"

ते म्हणाले, "कोणी नाही. त्याचा झगा आहे. आमच्यासाठी तो मेलाच होता. त्याला नवे नाव दिले, नवी जागा दिली."

आई म्हणाली, "मंग मी पोरीच्या हातानं मेणबत्ती कोनाले लावत होती?"

यावर ते म्हणाले, "पण इतकी वर्षे तुम्हाला शांती मिळाली ना, माणिकबाई?" त्यांनी चहा मागवला. आम्ही घेतला नाही. दोन दिवस थांबा, काही करू नका, असे त्यांनी सांगितले.

आज सकाळी मामेबहिणीने तिच्या चर्चच्या ग्रुपवरचा निरोप मला पाठवला. फादर मॅथ्यू यांचे हृदयविकाराने निधन झाले असून अंत्यविधी त्यांच्या मूळ गावी होईल, दर्शन ठेवलेले नाही, असे त्यात होते. खाली लोकांनी हात जोडले होते. आई म्हणाली, "आता अजून कोनाच्या पोरीले गुडघे टेकाले लावतीन." आम्ही तशाच इथे आलो.

मॅडमनी माझ्यासमोर अकोल्याला फोन लावला. फादर लिनस ऊर्फ मॅथ्यू यांना चर्चच्या गाडीतून जात असताना जिवंत ताब्यात घेतल्याचे त्यांनी मला दुपारी सांगितले. मी पाणी मागितले. आई रडली.

माझी तक्रार फादर लिनस यांच्याविरुद्ध आहे, तशीच फादर सायप्रियन यांच्याविरुद्धही आहे. त्यांना सर्व माहीत होते. माहीत असून त्यांनी त्या माणसाला पुन्हा लहान मुलींमध्ये नेऊन ठेवले. ते वयस्कर आहेत, त्यांचे शिक्षण मोठे आहे, असे मला संघातील दोघांनी फोनवर सांगितले. तरी माझी तक्रार कायम आहे.

आणखी एक सांगायचे राहिले. त्या दिवशी खोलीतून शेवटी निघालेली मुलगी, वय अंदाजे बारा, माझ्याजवळ थांबली व हळू आवाजात म्हणाली, "दीदी, उद्या बी कोनाचा केक हाय का?" मी तिचे नाव विचारले नाही. तिच्या अंगात पिवळा फ्रॉक होता व केसांना दोन रिबिनी होत्या. तिला शोधावे. तिच्या आईला आधी बोलवावे, मग घाई न करता विचारावे, अशी माझी विनंती आहे.

मॅडमनी हा जबाब मला व आईला मोठ्याने वाचून दाखवला. मी जसे सांगितले तसेच लिहिले आहे व ते खरे आहे, म्हणून खाली सही करते.