शंकरभाऊ कुठी चालला होता

जमलेल्या माय-बहिणीहो, भाऊहो, आन् समोर बसलेल्या शंकरभाऊच्या घरच्या लताबाई,

मले बोलाले उभं केलं. पण शंकरभाऊबद्दल चांगलं बोलाची मले सवय नाई. इतकी वर्षं मी त्याच्यावर संशयच घेतला. हे साऱ्या गावाले माहीत आहे. त्याले तं सगळ्यात जास्त माहीत होतं.

मी गावातल्या दारूबंदीच्या बायकाइची मुखिया. नावाले आपल्या जिल्ह्यात दारू बंद आहे. नदीपल्याड जा, पाहिजे तेवढी भेटते. आमचे मालक त्याच्यातच बुडाले होते. मी काय नाई केलं? माळ घातली, जडीबुटी पाजली, दवाखाना केला. मंग अहेरीच्या एका नर्सबाईनं सांगितलं, पिणारे लोक सोडाले एकमेकाइजवळ बसतात, बोलतात, अशी मीटिंग असते. कुठी? तं चंद्रपूरले. मी मालकाइले बसमधी बसवून दिलं. ते मधातच उतरले आन् पिऊनच घरी आले.

अशात हा शंकरभाऊ माजरीहून गावात परत आला. खाणीत ट्रकवर होता. खूप प्यायचा, तिथंच मीटिंगमधी बसून सोडली म्हणे. येऊन त्यानं शाळेची जुनी खोली मागितली. दर गुरुवारी सांजच्याले गावातले पिणारे बोलावले. आमचे मालकही जाऊ लागले.

आता तुमीच सांगा. गावातले सारे पिणारे एका खोलीत, दार बंद, आन् आत काय झालं ते कोणी बाहेर सांगाचं नाई. बाईनं काय समजावं? मी समजली का अड्डा आहे. आमी बायका गेलो, दार ठोकलं. आत एक किटली, काळा चहा, आन् आमचे मालक मान खाली घालून बसलेले. मी किटलीचं झाकण काढून वास घेतला. शंकरभाऊ म्हणे, "बाई, कप देऊ का?"

तरी माझा संशय गेला नाई. म्हटलं, चहा दाखवाले असन. मंग दर गुरुवारी आमी बायका दाराबाहेर उभ्या राहाले लागलो. माणूस बाहेर निघाला का त्याच्या तोंडाचा वास घ्याचा. साऱ्याइले राग यायचा. शंकरभाऊले नाई. तो पहिला यायचा, तोंड उघडून उभा राहायचा. म्हणायचा, "घ्या वास, मंगलाबाई. माझ्यावर भरोसा नका ठेवू. मीच ठेवत नाई."

मागच्या गुरुवारी सांजच्याले नाल्यावरच्या रपट्यावर त्याची गाडी घसरली, आन् तो जागीच गेला. त्याले घरी आणलं तवा मी त्याच्या तोंडावर वाकली. तुमाले वाटलं, बाई रडून राह्यली. मी वास घेऊन राह्यली होती.

तवापासून गावात कुजबुज आहे. प्याला होता म्हणे. मीटिंगवालाच प्याला, तं मीटिंग काय कामाची? कोण जास्त बोलून राह्यलं, तेही मी पाहून राह्यली. मीटिंग सुरू झाल्यापासून ज्याचा माल गावात खपत नाई, तोच. आज इथीच बसला आहे, मागं, भिंतीले टेकून. नाव घेत नाई.

तं ऐका. लताबाईले विचारून सांगते. वास येत होता. शंकरभाऊ प्याला होता.

काऊन प्याला, मले माहीत नाई. लताबाईलेही माहीत नाई. मले त्याचा राग आहे. खूप राग आहे.

पण मी संशयी बाई. दुसऱ्या दिवशी मी रपट्यावर गेली. नदीकडून येताना शंकरभाऊचं घर आधी लागते, आन् रपटा घराच्या पुढं. रपट्याच्या पुढं त्या वाटेवर एक आपली शाळा आहे, आन् शाळेपुढं धानाच्या बांध्या. दुसरं काई नाई. मंग प्यालेला माणूस आपलं घर सोडून कुठी चालला होता? लपाले? लपाचं असतं तं नदीवरच बसला असता. गुरुवार होता, भाऊहो. तो मीटिंगले चालला होता. दाराशी आमी उभ्या आहो, हे त्याले माहीत होतं. मी वास घेईन, हेही माहीत होतं. तरी येऊन राह्यला होता.

परवा आमचे मालक म्हणाले, "त्याले नाई जमलं, तं मले काय जमन? मी नाई जात आता." त्याचं उत्तर मी आज देते, साऱ्याइच्या समोर. मालक, तो पिऊनही मीटिंगले निघाला होता. तुमी न पिता घरी बसता म्हणता.

आज गुरुवारच आहे. खोलीची चाबी लताबाईनं माझ्या हाती दिली आहे. इथून उठली का मी दार उघडून देते. वास मी आजही घेईन. पण ज्याच्या तोंडाले आज वास आहे, त्यानं सगळ्यात पहिले आत जावं. त्याले कोणी अडवणार नाई.

शंकरभाऊ, माझा नमस्कार घ्या.

आता सारे उभे राहा. थोडा वेळ कोणी बोलू नका.