बारा खाचा

शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार, त्यामुळे आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या बंदुकांच्या दुकानात ही रांग! मी काडतुसं घ्यायला उभा. पुढे दोन म्हातारे, ऑर्विल आणि मर्ल. ऑर्विलने वडिलांची रायफल मार्चमध्ये इथेच विकलेली, आणि आता तीच परत घ्यायला आलेला. काउंटरवर मालकीणबाई.

"ऑर्विल, कितीला देतेय?"

"पाचशे दहा डॉलर."

"आणि तू विकलीस तीनशेला! बंदूक घेताना भरायच्या त्या सरकारी फॉर्मवर विचारलंय बघ, खरा खरेदीदार कोण. लिही, खरा गाढव."

"गप रे मर्ल. ती टांगायचो ते घरातल्या भिंतीवरचे रिकामे खिळे बघवत नाहीत मला."

"ही घ्या काका, तुमची रायफल. लाकडी दस्त्यावर बारा ओरखडे होते, सगळे घासून काढले. नवीकोरी दिसते ना?"

"ओरखडे? अहो बाई, त्या बाबांनी केलेल्या खाचा होत्या! एका हरणाला एक!"

"अरेरे! ऑर्विल, तुझ्या म्हाताऱ्याची सगळी हरणं जिवंत होऊन जंगलात पळाली की रे."

"हस, हस. तरी घेणार मी. तुझा चाकू दे इकडे."

"काका, थांबा! नवं पॉलिश आहे!"

"अरे, आधी पैसे तरी भर, मग ओरबाड."

"भरतो. बाराच्या बारा जागा पाठ आहेत मला."

"मग अकराच कर. बारावं हरीण माझ्या गाडीखाली मेलं होतं."

"माहितीये. आल्यागेल्याला बाबा तीच खाच आधी दाखवायचे."