बाकावरची दुसरी आई

पाळक: आजी, आधी बसा, मग ऐका. हा तुमचा मुलगा.

आजी: पाळकसाहेब, गेल्या खेपेलाही असंच म्हणाला होतात. तो माझ्यापेक्षा म्हातारा निघाला.

पाळक: तेव्हा माझा विश्वास जरा पुढे धावला. हा खरोखर त्या पुरात हरवलेला आहे. लिफ्ट दुरुस्त करतो.

आजी: जवळ ये रे. मोतीबिंदू झालाय, दिसत नाही. हात दे बघू. अगंबाई, हे केस कुणाचे? माझं पोर लोण्यासारखं होतं.

लिफ्टवाला: तेव्हा मी चार वर्षांचा होतो.

आजी: बायबलातल्या आंधळ्या इसहाकानेही मुलाचे असेच केसाळ हात चाचपले आणि साफ फसला बिचारा. मी नाही फसायची. पुरात काय झालं ते सांग.

लिफ्टवाला: आधी पोरांना होडीत घातलं. तुम्ही छपरावरून ओरडत होतात.

आजी: त्या दिवशी सगळेच छपरावर होते आणि सगळेच ओरडत होते. मी काय ओरडत होते?

पाळक: बहुधा एखादं स्तोत्र म्हणत असाल.

लिफ्टवाला: स्तोत्र नव्हतं. "नोहाच्या तारवातल्या उंदरा, कडेला बसलास तर कान उपटीन."

पाळक: हे शास्त्रात कुठे नाही.

आजी: माझ्या तोंडात होतं.

(आजी चाचपत त्याचा कान धरते.)

आजी: मग, बसला होतास कडेला?

लिफ्टवाला: नाही. मधोमध बसलो. तू सांगितलं होतंस ना.

आजी: मला मागच्या होडीत घेतलं, ती भलत्याच काठाला लागली. किती शोधलं तुला. होतास कुठे?

लिफ्टवाला: पलीकडे. कपडे शिवणाऱ्या एका बाईने सांभाळलं. लोक विचारायचे, आईचं नाव काय? मी सांगायचो, आई. त्या नावाच्या बाया फार निघाल्या. परवा चर्चच्या मासिकातली तुझी जाहिरात तिनेच मला वाचून दाखवली.

आजी: कुठे आहे ती?

लिफ्टवाला: बाहेर बाकावर. आत यायला घाबरते. तिला वाटतं, तू मला ठेवून घेशील.

पाळक: शलमोन राजापुढेसुद्धा एकाच पोरासाठी भांडणाऱ्या अशाच दोन बाया—

आजी: तलवारीने पोराचे दोन तुकडे करण्यापर्यंत जाऊ नका, पाळकसाहेब. हा एवढा आडवा वाढलाय, अख्खाच दोघींना पुरेल. आणि त्या गोष्टीत पोर सोडायला तयार झाली तीच आई ठरली ना? हिने तर तुला माझ्या दारात आणून सोडलं, मग ही बाहेर का बसलीय?

लिफ्टवाला: आणि तू?

आजी: मीही आईच. तिच्या शेजारी जरा सरकून बसेन. जा, आण तिला. थांब. ती तुला काय म्हणून हाक मारते?

लिफ्टवाला: गोटू.

आजी: गोटू. आणि मी रोज देवाकडे दुसऱ्याच नावाने मागत होते. तरीच त्याला एवढा वेळ लागला.