पुढच्या दाताची कॅप

भिवंडीत दातांच्या डॉक्टरांकडे मी नंबर लावून बसलो होतो. शेजारी कामतघरचे, कापडाचे लूम चालवणारे बाळाराम आणि त्यांच्या पत्नी चंपाबाई बसल्या होत्या.

"डॉक्टरला काय सांगणार?" चंपाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"मटण खाताना कॅप तुटली."

"काल सोमवार. तुमचा उपास."

"मग खरं सांगतो. जन्मभर लूमवर सूत दातानं तोडलं, दाताला खाच पडली. त्यावर कॅप बसवली, तर या माकडानं, म्हणजे मीच, परत सूत तिथंच घातलं."

"कात्री गळ्यात बांधून दिलती मी."

"हाय की. कात्री गळ्यात नि अक्कल कारखान्यात."

"परवा आपल्या उन्नतीची हळद हाय. लग्नाच्या सीडीत हे खिंडार दिसंल."

"आज दुसरी कॅप न्हाय बसली, तर तोंड मिटून बसंन. पाव्हणे म्हणतील, बाप किती गंभीर."

"हसू नका, सगळं दिसतंय."

"तूच हसवतेस."

आतून बाळारामांना हाक आली.

"थांबा, शर्टाचा दोरा लोंबतोय."

चंपाबाईंनी वाकून तो दातांनी तोडला आणि कळ येताच तोंडावर हात धरला.

बाळाराम दारातून म्हणाले, "डॉक्टर, आम्ही दोघं येतो."