तुसाच्या राखेचा ठोकळा

राखेत काय ताकद असते, ते मला जानकीमावशींनी दाखवलं. बोईसरला मी काँक्रीट तपासायच्या लॅबमध्ये आहे ना, तिथे त्या साफसफाई करतात. मूळच्या मासवणच्या.

थोडं सिमेंट कमी करून त्याजागी भाताच्या तुसाची राख घालायचा आमचा प्रयोग चालला होता. पण मशीनखाली दाब दिला की ठोकळा लगेच फुटायचा. साहेब वैतागले. "अजून एकदा करू, नाहीतर बंद."

आम्ही भातगिरणीतून आणलेली राख मावशींनी चिमटीत चोळून पाहिली. "ही काळी हाय, कच्ची. तूस हळूहळू धुमसू द्यायचा. राख पांढरी झाली पायजे."

तशी राख त्यांनीच करून आणली. आम्ही ती बारीक दळली, ठोकळे केले, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवले.

मग मशीन सुरू केलं. नुसत्या सिमेंटचा ठोकळा फुटला होता तो आकडा मागे पडला, तरी हा उभाच! अखेर तडा गेला, तेव्हा साहेबांनी हळूच विचारलं, "मावशी, हे कुठे शिकलात?"

"शिकायचा काय त्यात? काळ्या राखेनं भांडी साफ निघत नाय."

साहेबांनी स्वतःची खुर्ची त्यांना दिली आणि वही उघडली. "बसा. तूस कसं पेटवायचं, पहिल्यापासून सांगा."