आनंदाचा झेंडा

फुटबॉल क्लबवर जीव टाकणं काय असतं, ते मला विचारा! बहात्तरच्या दुष्काळात आमची निम्मी टीम खडी फोडायच्या कामावर गेली. उरलेले अकराजण खेळायचे, अन् बघायला मी एकटा. अख्ख्या सीझनमध्ये आमच्याकडनं एक गोल झाला न्हाई, आमच्यावर मात्र ढिगानं झाले, तरी मी एक मॅच चुकवली न्हाई.

त्या दिवशी नगरच्या मैदानावर लाइनमनच आला न्हाई. कॅप्टन याकोबनं माझ्याकडं बोट केलं. रेफ्रीनं माझ्या हातात झेंडा देऊन सांगितलं, "ऑफसाइड असेल तरच वर करा."

त्या दिवशी समोरच्यांचेबी नेम चुकत होते. शून्य-शून्य, शेवटचं मिनिट! याकोब दोघांना चकवून सुटला. मी लाइनीवरनं त्याच्या बरोबरीनं पळतोय, "मार! मार!" अन् त्यानं मारला! थेट जाळ्यात! मी दोन्ही हात वर करून असा नाचलो की काय सांगू!

तेवढ्यात शिट्टी वाजली. ऑफसाइड. गोल रद्द.

"अहो साहेब, तो आनंदाचा झेंडा होता!"

"झेंड्याला आनंद कळत नाही," रेफ्री म्हणाले.

याकोब माझ्याकडं धावत आला. वाटलं, आता मार खातोय. त्यानं झेंडा हिसकावला अन् म्हणाला, "पुढच्या मॅचला तू गोलकीपर! आपल्या क्लबात गोल अडवणारा तू पहिलाच."